प्लास्टिकबंदी गोदामापर्यंत पोहोचावी

महोदय,

राज्य सरकारने २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, तर तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास ठरवला; तरीही सांगलीच्या मंडईत कोथिंबिरीची जुडी आजही पातळ पिशवीतच हाती पडते. पावती फाटते ती भाजीवाल्या मावशींची, गठ्ठे पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याची क्वचितच. (२०१९ च्या महापुराचे पाणी ओसरल्यावर कृष्णाकाठच्या झाडाझुडपांत अडकलेल्या चिंध्या-पिशव्या आम्ही विसरलेलो नाही.) उत्पादन, साठवणूक आणि वाहतूक यांवरही बंदी असताना तपासणी गोदामांपासूनच सुरू व्हावी आणि आठवडी बाजारांत बचत गटांच्या कापडी पिशव्या माफक दरात मिळाव्यात.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली