काकू, दंड किती झाला?

ती. काकू,
सा. न. वि. वि.

पत्र जाहीर लिहितेय, कारण समोर येऊन काही बोलायला गेलं की तुम्ही "पुरे गं, मागे रांग लागलीय" म्हणता आणि पुढच्याचं कार्ड मागता.

पहिल्या कादंबरीला पुरस्कार मिळाला आणि पाच महिन्यांत कपाटात नऊ शाली जमल्या. नारळांच्या वड्या करून करून हात दुखले. दुसऱ्या कादंबरीचं मात्र एकच पान झालं होतं, तेही चारदा खोडलेलं. एका सत्कारात तर सूत्रसंचालकांनी कादंबरीचं नावच चुकवलं आणि मी हसून नमस्कार केला. त्याच संध्याकाळी तुमच्या वाचनालयात आले. तुम्ही काही विचारलं नाहीत. खणातून जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामींचं लेखनाबद्दलचं पुस्तक काढलंत. "ने. कार्डावर टाकत नाही."

मला वाटलं, असेल उपदेश. निघालं भलतंच. हा माणूस टोकियोत जॅझ बार चालवायचा. १९७८ च्या एप्रिलमध्ये जिंगू मैदानावर बेसबॉलची मॅच बघत बसला होता. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज झाला आणि त्याच्या मनात आलं, आपल्याला कादंबरी लिहिता येईल. मॅच संपल्यावर शिंजुकूतल्या किनोकुनिया या पुस्तकांच्या दुकानातून कागद आणि फाउंटन पेन घेतलं. मग रोज रात्री बार बंद करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायचं. स्पर्धेला पाठवलेल्या हस्तलिखिताची दुसरी प्रतसुद्धा ठेवली नव्हती! हे वाचताना मी कणीक मळत होते, पुस्तकाच्या कडेला लागलेलं पीठ अजून आहे. माफ करा.

पण मला धरून ठेवलं ते यशाबद्दलच्या मजकुरानं. १९८७ साली त्यांची 'नॉर्वेजियन वुड' ही कादंबरी आली, लाखांनी खपली, आणि त्यांना आनंदापेक्षा एकटेपणच जास्त जाणवलं. ते काही वर्षं जपानबाहेरच राहिले, टीव्हीपासून लांब राहिले. पहाटे चारला उठायचं, पाच-सहा तास लिहायचं, दुपारी पळायचं किंवा पोहायचं, रात्री नऊला झोपायचं. कादंबरी चालू असली की चारशे अक्षरांचे दहा कागद रोज. सुचत असलं तरी दहा कागदांवर थांबायचं, नसलं तरी दहा पुरे करायचे. माझ्यातली बँकेची कारकून हसली: हे तर मस्टर!

मी तुमच्याशी भांडलेही. म्हटलं, त्यांना मुलंबाळं नाहीत, सकाळी साडेसहाला दोन डबे भरायचे नाहीत, त्यांना सगळं जमतं. मला अजूनही तसंच वाटतं. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "चारला उठ म्हणतेय का मी? तू एक कागद धर." आणि मागच्या खोलीची किल्ली पुढे सरकवलीत. दुपारी वाचनालय बंद असतं तेव्हा शनिवार-रविवार तिथे, बाकीचे दिवस घरी ओटा पुसून झाल्यावर. रोज एक फुलस्केप. त्या खोलीत पंखा नाही, वर्तमानपत्रांच्या जुन्या गठ्ठ्यांना वास येतो. पण तिथे मला कुणी 'लेखिका' म्हणत नाही. मध्ये एका मंडळाचे लोक मला शोधत आले, तेव्हा "ती इथे नसते" असं तुम्ही दारातूनच सांगितलंत. मी आतून ऐकलं.

काल दोनशे चाळीसावा कागद झाला. मुराकामींची पहिली वाचक त्यांची बायको. तिनं बोट ठेवलेली जागा ते पुन्हा लिहितातच, तिचं म्हणणं पटलेलं नसलं तरी. आमच्या ह्यांना कादंबरी दाखवली की ते "छान आहे" म्हणतात आणि झोपतात. म्हणून शनिवारी बाड तुमच्याकडे घेऊन येते. पेन्सिल घ्या, लाल पेन नको, मला घाम फुटतो.

ते पुस्तकही आणते. कार्डावर नव्हतं खरं, पण चौदा महिने झालेत. दंड किती होतो तेवढं सांगा.

तुमची,
मागच्या खोलीतली