ओंकारला पत्र : डस्टरचं एस्टिमेट वाचून

सातारा,
२ जुलै

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तू घेतलेल्या जुन्या रेनो डस्टरचं गॅरेजवाल्याने दिलेलं एस्टिमेट दोनदा वाचलं. सोळा ओळी आहेत आणि गॅरेजवाल्याच्या लेखी सोळाही सारख्याच तातडीच्या. टायमिंग बेल्टच्या खालोखाल इंजिन फ्लश, म्हणजे औषध घालून इंजिन आतून धुणं! सगळं केलंस तर पैसे उगाच जातील, आणि घाबरून काहीच केलं नाहीस तर एखाद्या घाटात इंजिन जाईल.

इंजिनातले काही भाग बिघडण्याआधी कुरकुर करतात. धूर येतो, पिकअप पडतो, तेल कमी होतं. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आणि कुरकुर ऐकू आली की हात घालायचा. काही भाग मात्र एक शब्द न बोलता जातात आणि जाताना शेजाऱ्यालाही घेऊन जातात. आगाऊ पैसे घालायचे ते फक्त यांच्यावर. तुझ्या इंजिनात असे भाग दोनच आहेत, आणि त्यातलाही एक गॅरेजच्या यादीत नाही, मी घालते आहे.

पहिला टायमिंग बेल्ट. तुझ्या डस्टरचं १४६१ सीसीचं डिझेल इंजिन साखळीवर नाही, रबरी बेल्टवर चालतं. तोच बेल्ट कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवतो, डिझेलचा हाय प्रेशर पंप फिरवतो आणि वॉटर पंपही. तो तुटला किंवा त्याचे चार दात सोलले, तर कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र वर येतच राहतात. उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मग हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवणं आलं, व्हॉल्व्ह-गाइड आले, नशीब वाईट असेल तर पिस्टनही. बेल्टचं काम हजारांत आटोपतं, हेडचं बिल लाखाकडे धावतं. शिवाय चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही जड होतो. खंबाटकीच्या उतारावर ते नको.

आधीच्या मालकाने "बेल्ट बदललाय" असं सांगितलं म्हणतोस. बिल आहे का? नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. कव्हर उघडून "अजून चांगला दिसतोय" असं कोणी म्हणालं तरी ऐकू नकोस. आतले दोरे थकलेले असतात, वरून रबर तुकतुकीत दिसतं. बेल्टचं वय किलोमीटरवर मोजतात तसं वर्षांवरही मोजतात, यातलं जे आधी पूर्ण होईल ते खरं. मॅन्युअलमधला आकडा बघच, पण १,४२,००० किलोमीटर आणि कोरी पाटी असताना वाद घालायला जागाच उरत नाही. आणि १,४२,००० हा आकडाही खरा आहे ना, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबर देऊन विचार. शेवटच्या सर्व्हिसला काय रीडिंग होतं ते त्यांच्या नोंदीत सापडतं.

नुसता बेल्ट बदलायचा नाही. बेल्ट, त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप हे तिन्ही एकदम. बेल्ट नवा आणि टेन्शनरचं बेअरिंग जुनं असेल तर ते बेअरिंग जाम होऊन नव्या बेल्टला खाऊन टाकतं. वॉटर पंपाचं तसंच, आणि तो गळू लागला तर कुलंट थेट बेल्टवर. नंतर पंप बदलायचा म्हटलं तर तीच सगळी मजुरी पुन्हा. बाहेरचा फॅन बेल्टही त्याच दिवशी बदल. तो फाटला की त्याच्या चिंध्या क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीमागून टायमिंगच्या कव्हरमध्ये शिरतात आणि आतला बेल्ट उडवतात. काही शे रुपयांचा बेल्ट असा इंजिन घालवतो, आणि तोच नेमका एस्टिमेटमध्ये नाही!

कव्हर उघडलेलं असताना क्रँक आणि कॅमच्या ऑइल सीलवर बोट फिरवून बघायला सांग. ओलसर लागलं तर सील तेव्हाच बदलायचं, कारण तेल लागलेला बेल्ट फुगतो आणि त्याचे दात सुटतात. उजवीकडचं इंजिन माउंटिंग या कामात काढावंच लागतं, रबर चिरलं असेल तर नवं घाल.

हेच इंजिन लोगन, व्हेरिटो, मायक्रा आणि सनीच्या डिझेललाही होतं, त्यामुळे डस्टर डिझेल बंद झाली तरी किट मिळायला अडचण नाही. मात्र मॉडेलप्रमाणे फरक असतात, म्हणून चॅसिस नंबरवरूनच मागव. गेट्स किंवा कॉन्टिनेंटलचं चालेल. खोकं तुझ्यासमोर फोडलं जावं.

मेकॅनिकला एकच प्रश्न विचार : टायमिंग लॉक करायच्या पिना आहेत का? या इंजिनात क्रँक एका पिनेने आणि कॅमची पुली दुसऱ्या पिनेने जागेवर धरूनच बेल्ट चढवतात. "पेंटने खुणा करतो, काही होत नाही" असं उत्तर आलं तर किल्ली परत घे. एक दात चुकला तरी गाडी चालू होते, पण धूर मारते, पिकअप घालवते. आणि क्रँकची पिन फक्त जागा दाखवायला असते. तिच्या जोरावर पुलीचा बोल्ट सोडवला तर पिन वाकते. तो बोल्ट नवा घालायचा आणि टॉर्क पान्याने आवळायचा. बेल्ट बसल्यावर टेन्शनरचा काटा खुणेवर आणायचा, पिना काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि पिना पुन्हा बसतात का, काटा खुणेवरच आहे का ते बघायचं. हे झाल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही.

वॉटर पंप निघणार म्हणजे कुलंट सांडणारच. नवं भरताना कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कुलंट, निम्मं डिमिनरलाइज्ड पाणी. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार रेडिएटरमध्ये बसतात. दोन रंगांची कुलंटं मिसळू नकोस. भरून झाल्यावर हवा नीट काढली नाही तर तापमानाचा काटा नॉर्मल दाखवतो आणि हेड तापत राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी पुन्हा बघ. होज पाइप दाबून बघ. टोकाशी मऊ, फुगीर किंवा कडक झालेला असेल तो बदल.

आता दुसरा भाग, ज्याचं नाव एस्टिमेटमध्ये नाही : कनेक्टिंग रॉडचं बिगएंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथलं. या इंजिनाची ही जुनी, जगजाहीर दुखरी जागा. युरोपात तेल बदलायचं अंतर फार लांबवलं गेलं, तेव्हा ही बेअरिंगं झिजून इंजिनं गेली. आपल्याकडे अंतर कमी असतं, पण आधीच्या मालकाने तेल किती वेळा बदललं हे कोणाला ठाऊक? पातळ झालेल्या, काजळीने भरलेल्या तेलाचा थर फुटतो आणि शेल, म्हणजे बेअरिंगची पातळ वाटी, थेट क्रँकला घासतं. खालून जड ठोका ऐकू येतो तोवर बहुतेक क्रँकवर चरे पडलेले असतात. मग शेल बदलून भागत नाही, क्रँक ग्राइंडिंगला जातो, म्हणजे अख्खं इंजिनकाम.

तरीही आजच चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) खोल असं मी सांगणार नाही. आधी पुरावा बघ. या वेळी तेल बदलताना जुना फिल्टर घरी आण आणि कापून बघ. करवतीने कापू नकोस, करवतीचाच कीस आत पडेल आणि तू घाबरशील. फिल्टर कापायचा कटर मिळतो. आतला कागद पसर, पिळून वाळू दे आणि उन्हात धर. काळी काजळी असणारच. चमचमणारी कणी दिसली तर तिच्यावर चुंबक फिरव. चुंबकाला लागली तर लोखंड, म्हणजे दुसरीकडून झीज आहे. चमकते पण चुंबकाला लागत नाही, ती बेअरिंगच्या धातूची असण्याचा संशय मोठा. ड्रेन बोल्टवरही हेच बघ.

कागद स्वच्छ निघाला तर बेअरिंगला हात लावू नको, तेलाची शिस्त पाळ आणि पुढच्या फिल्टरला पुन्हा कापून बघ. कणी दिसली तर ठोक्याची वाट न बघता चेंबर उतरव. रॉडच्या कॅप एकेक करून खोलायच्या, एकीची दुसरीला लागता कामा नये आणि फिरवूनही बसवायची नाही. शेल रॉडच्या मधोमध बसलं पाहिजे. रॉडचे बोल्ट नवे, कारण ते आवळताना ताणले जातात. क्रँकवर नखाने ओढून बघायचं. नख अडकलं तर शेल बदलण्यात अर्थ नाही. आणि चेंबर खाली आहेच तर तेल ओढणाऱ्या पंपाची जाळी धुऊन घ्यायची.

या जाळीमुळेच एस्टिमेटमधला इंजिन फ्लश मी खोडला. वर्षानुवर्षं साचलेला गाळ फ्लशने एकदम सुटतो, जाळीवर जाऊन बसतो, तेलाचा दाब पडतो आणि सगळ्यात आधी उपाशी राहतात तीच बिगएंड बेअरिंगं आणि टर्बो. गाळ हळूहळू निघू दे. आत्ता तेल-फिल्टर बदल, ३,००० किलोमीटरवर पुन्हा बदल, मग दर ८,००० किलोमीटर किंवा वर्षाला. फ्लशच्या पैशात एक जादाचं तेल येतं. तेल साडेचार लिटरच्या आसपास लागतं. आधी चार लिटर ओतायचं, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं. वरच्या खुणेच्या पलीकडे नाही. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच घे, "जुनी गाडी आहे, जाड तेल घाला" हा सल्ला सोडून दे.

फ्लशबरोबर आणखी काय काय खोडलं ते सांगते. डीकार्बनायझेशन, म्हणजे आतली काजळी काढणं, नको. इंजेक्टर (डिझेल फवारणारे) काढून साफ करणं नको. आयडलिंग एकसारखं असेल, सकाळी पहिल्या सेल्फला चालू होत असेल आणि धूर नसेल, तर इंजेक्टरला हलवायचंच नाही. शंका आली तर आधी लीक-ऑफ टेस्ट : चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या आणि कुठल्या बाटलीत जास्त डिझेल येतं ते बघायचं. काढलाच तर तांब्याचा वॉशर नवाच. आणि इंजेक्टर नवा घातला तर त्याच्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरायला लागतो, ते विसरणारे फिटर पुष्कळ. ईजीआर व्हॉल्व्हची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) सफाई काळा धूर दिसला तर. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तो आज ना उद्या काजळणारच, पण तो सांगून बिघडतो. ग्लो प्लग, थंडीत इंजिन चालू व्हायला आत गरम करणारे, पुण्याच्या हवेत चालू असेपर्यंत चालू दे.

डिझेल फिल्टर मात्र ठेवला आहे. त्याच्या तळाचं पाणी पावसाळ्यानंतर काढत जा, पंपाला आणि इंजेक्टरला पाण्याइतका दुसरा शत्रू नाही. टॅपेटचा गॅप, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट, तपासायला लावला आहे, कारण या इंजिनात ती फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. थंड इंजिनवर फीलर गेजने इनटेक ०.१२५ ते ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.३७५ ते ०.५० मिमी. आकड्यात असेल तर बंद कर आणि पुढे चल.

हे सगळं करण्याआधी अर्ध्या तासाची एक परीक्षा घे, नाहीतर मेलेल्या इंजिनला नवा बेल्ट घालून बसशील. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून तेल भरायचं झाकण हळूच उघड. थोडी वाफ चालते. फसफसून धूर बाहेर आला, झाकण उडायला लागलं, तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय. मग आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. एका आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. इंटरकूलरचा (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप सोडून बघ. आत तेलाचा पातळ थर असतोच, पण तेल सांडलं तर टर्बोचं सील. आणि सपाट जागी, सकाळी, १,००० किलोमीटरला तेल किती उतरतं ते वहीत लिहून ठेव.

परीक्षेत इंजिन पास झालं तर गाडीवर खर्च करायला हरकत नाही. आरसी २०१३ ची आहे, म्हणजे २०२८ मध्ये १५ वर्षं पूर्ण होतील. त्यानंतर फिटनेस, पर्यावरण कर आणि ५ वर्षांचं नूतनीकरण. तोवर गाडी वापरायची असेल तर बेल्टचा खर्च पुढच्या वर्षांवर वाटला जातो. सहा महिन्यांत विकणार असशील तरी बेल्ट बदलच, बिल ग्राहकाला दाखवता येतं. बाकीचं मग सोडून दे.

गणपतीला कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचं ठरलंय, त्याआधी बेल्ट झालेला हवा. गॅरेजमध्ये गाडी ठेवशील तेव्हा सोळा ओळींऐवजी सात ओळींचं नवं एस्टिमेट लिहून घे : बेल्ट-टेन्शनर-वॉटर पंप, फॅन बेल्ट, सील आणि माउंटिंगची तपासणी, कुलंट, तेल-फिल्टर, डिझेल फिल्टर, टॅपेट. भागांचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी. बिलावर किलोमीटर आणि तारीख लिहून घे.

जुना बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप पिशवीत घालून डिकीत ठेवायला सांग आणि इकडे येशील तेव्हा घेऊन ये. पंपाच्या बेअरिंगला किती खेळ आहे ते मला हाताने बघायचं आहे. कापलेला फिल्टरही आण, वर्तमानपत्रात गुंडाळून. मागच्या वेळी सीटवर तेलाचे डाग पाडलेस ते अजून निघालेले नाहीत.

तुझी,
आई