सातबारा, आत्या आणि बाबांचं ‘बघू’

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आजोबांच्या जमिनीचा विषय फोनवर काढला की बाबा “बघू” म्हणतात आणि फोन आईकडे देतात. मग आई पावसापाण्याचं बोलायला लागते. म्हणून पत्र. सोबतचे कागद आधी बाजूला ठेवा, हे वाचून झाल्यावर बघा.

बाबा, आजोबांच्या जमिनीला वारस नोंद लावायचा अर्ज मी भरून ठेवलाय. माणूस गेल्यावर तीन महिन्यांत ही खबर तलाठ्याला द्यायची असते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण कामं अडतात, आणि तुमची अडलीच आहेत. सोसायटी पीक कर्ज देत नाही. पीएम किसानचे वर्षाचे 6,000 रुपये गावात जवळजवळ सगळ्यांना येतात, तुम्हाला नाही. आता फार्मर आयडीही निघेना. कसणार तुम्ही आणि सातबाऱ्यावर नाव मयताचं! कुणी विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं: “आपल्याला कचेऱ्या जमत नाहीत. आपण साधी माणसं.”

लहानपणापासून ऐकत आल्यामुळे मला ते खरंच वाटायचं. पण डाळिंबाचे पैसे थकले तेव्हा व्यापाऱ्याच्या दारात सकाळपासून बसून, त्याच्या घरच्यांनी दिलेला चहा नाकारून, अंधार पडल्यावर रोख पैसे मोजून घेऊन आलेला माणूस मी पाहिलाय. तो माणूस तलाठ्याला घाबरेल? मला हा हिशेब लागत नव्हता.

अर्ज भरायला बसले तेव्हा लागला. त्यात मयताचे सगळे वारस लिहावे लागतात: बायको, मुलगे, मुली. सगळ्यांचं नातं, वय, पत्ता. तुमचं नाव लिहिलं, काकांचं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर आत्या आली. तुमचं घोडं कचेरीत अडलंच नव्हतं, इथं अडलं होतं.

मुलगी वारस आहे हे काही नवं नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातच तिचं नाव आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीतही तिचा हक्क मुलाइतकाच झाला. पण गावाची रीत वेगळी. दिवाळीला बहीण आली की साडीचोळी करायची, जेवू घालायचं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत घालून हक्कसोडपत्रावर सही करायला न्यायचं. बाबा, तुम्हाला ते करायचं नव्हतं. यासाठी मी तुम्हाला किती मानते ते समोरासमोर कधी बोलता येणार नाही, म्हणून इथं लिहिते. पण तिचं नाव लावायचं तर काका काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, याचीही धास्ती होती. हक्कसोड मागवत नव्हतं, नाव लावायचा धीर होत नव्हता. मग “आपल्याला जमत नाही” हे बरं पडलं. त्यात कुणी दुखावत नाही असं वाटतं.

आत्या दुखावलीच होती. मी तिला फोन केला (तुम्हाला न विचारता, हो), तर म्हणाली, “दादानं कधी विषयच काढला नाही. मला वाटलं, मला वगळून कधीच करून टाकलं असेल.” जमिनीबद्दल ती एवढंच बोलली. आधार कार्डाची झेरॉक्स मात्र तिनं त्याच दिवशी पाठवली. काकांशी तुम्ही बोला, ते माझं काम नाही.

आई, आता तू. नवरा हयात असताना सुनेचं नाव सासऱ्याच्या वारसात येत नाही, त्यामुळे अर्जात तू नाहीस. पण बाबांबरोबर तुलाच जायचंय. “मला काय कळतंय, मी नुसती बसून राहीन” हे वाक्य ठेवून दे. 2012 च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत जनावरं घेऊन कोण राहिलं होतं? बाबा इकडे घर आणि आजी बघत होते. छावणीत पेंडीचं माप कमी भरलं म्हणून तू वजनकाट्यासमोर ठिय्या दिलास आणि पुन्हा मोजायला लावलंस. गाभण म्हशीसाठी डॉक्टरला रात्री उठवून आणलंस. घरी आल्यावर मात्र कुणी विचारलं की म्हणायचीस, “देवानं निभावलं.” देवाला श्रेय द्यायला माझी हरकत नाही, पण पदर खोचून काट्यासमोर उभी तूच होतीस.

त्याच म्हसवडच्या बायकांची गोष्ट तू तिथंच ऐकली असशील. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि त्या बायका बँक काढायला निघाल्या, तर रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जदार बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकायला बसल्या. पुन्हा मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज काढून दाखवतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. व्याज त्यांना आधीपासूनच तोंडपाठ काढता येत होतं, सावकारानं शिकवलं होतं. ते साहेबाला सांगायला मात्र मुंबई गाठावी लागली.

ऑफिसात वरची जागा निघाली तेव्हा माझ्याही तोंडात तुमचंच वाक्य आलं होतं. आपण मराठी मीडियमवाले, आपल्याला कोण विचारतंय. तरी अर्ज टाकलाय. निकाल लागायचाय.

आता कामाचं. पाकिटात मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्राचा मसुदा, सातबारा, आठ-अचा खातेउतारा आणि सगळ्यांचे आधार आहेत. प्रतिज्ञापत्र तालुक्याला करून घ्या. ई-हक्क या सरकारी पोर्टलवर हा अर्ज मला इथूनही पाठवता आला असता. मुद्दाम पाठवला नाही. तुम्ही दोघांनी जाऊन द्यायचा. तलाठ्याला हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पाटी बदललेली दिसली तर परत फिरू नका. आधी वारसांची चौकशी होईल, मग फेरफार (नावबदलाची नोंद) धरतील, नोटीस निघेल. हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वारस नोंदीला स्टॅम्प ड्युटी नाही, तेव्हा कुणी “वरचा खर्च” सांगितला तर आईनं बोलायचं, बाबांनी नाही.

अर्जाची लेखी पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. “उद्या या” म्हणाले तर बाबा, डाळिंबाच्या व्यापाऱ्याकडे बसला होतात तसे बसा. डबा घेऊन जा.

पोच मिळाली की फोटो काढून आधी आत्याला पाठवा, मग मला.

तुमची,
धाकटी