मंत्रिमहोदय, ब्रेक मारायला कोण शिकवणार?

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात कर्वेनगरमध्ये आमच्याच गल्लीत एका गाडीनं रिव्हर्स येताना मला कंपाउंडच्या भिंतीवर दाबलं. मांडीचं हाड मोडलं. आत रॉड घातलाय, वॉकरशिवाय न्हाणीघरापर्यंतही जाता येत नाही. चालवणारा मुलगा एकोणीस वर्षांचा. पक्कं लायसन्स हातात येऊन आठवडाही झाला नव्हता. घाबरला आणि ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून बसला.

वडिलांबरोबर तो दवाखान्यात आला होता. वडील म्हणाले, "काकू, नवीन आहे हो तो." मी मुलाला विचारलं, गाडी शिकलास कशी? मान खाली घालून म्हणाला, "ब्रेक कायम सरच मारायचे. मला म्हणायचे, तू फक्त स्टिअरिंग धर."

साहेब, माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आलं. शिकवणीच्या गाडीत सरांच्या पायाशीही ब्रेक-क्लच असतो. तो मुलाला वाचवण्यासाठी आहे. इथे त्याच पेडलवर मुलाची सगळी शिकवणी उरकली. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे. त्यात मोटार शिकवायला किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास सांगितलेत. या मुलाच्या क्लासला एका गाडीत तिघं बसायची. एकानं चालवायची, दोघांनी मागे बसून मोबाइल बघायचा. रजिस्टरवर सह्या मात्र एका बैठकीत झाल्या.

आणि परीक्षा? भोसरीला नाशिक फाट्याजवळ चाचणीचा खास ट्रॅक आहे. पण "पुण्यात ट्रॅकवर नापास करतात" म्हणून एजंटनं मामाच्या गावच्या पत्त्यावर दुसऱ्या जिल्ह्यातून लायसन्स काढून दिलं. हे वडिलांनीच सांगितलं, त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटलंच नाही. तिथे गाडी क्लासची, शेजारी तेच सर, एक फेरी मारली, झालं. नियमांत आणीबाणीत गाडी थांबवता येते का हे तपासायला सांगितलंय. कुणी तपासलं? शिकाऊ परवाना 2021 पासून घरबसल्या मिळतो, 15 पैकी 9 उत्तरं बरोबर आली की पास. या मुलाची तीही एजंटच्या दुकानात बसून दुसऱ्यानंच भरली.

मी घरून डबे देते. परगावची पोरं माझ्याकडे जेवतात. आता चूल बंद आहे, हाताखालची बाई दुसरीकडे लागली, गिऱ्हाईक पांगलं. ते पुन्हा जमवायला वर्ष जाईल. चौकीत सल्ला मिळाला की पोरगा लहान आहे, आपसात मिटवून टाका. माझा पाय कुणाशी मिटवू? त्या दिवशी गल्लीतल्या माणसांनी काखेत हात घालून मला रिक्षात कोंबलं, मोडका पाय बाहेर लोंबत होता. त्यांची माया खरी होती, पण कसं उचलायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं. त्या मुलालाही नाही. प्रथमोपचार ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमातच आहेत, मंत्रिमहोदय!

मे 2024 मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण जीव गेले. सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला, तेव्हा सगळं शहर पेटून उठलं. पबवर कारवाया झाल्या, पुढाऱ्यांनी भाषणं केली. गाडी चालवायला शिकवतंय कोण, हा प्रश्न त्या गदारोळात मला तरी कुठे ऐकू आला नाही. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हा कायदा 2019 चा. दहावी-बारावीच्या कुठल्याही क्लासबाहेर संध्याकाळी उभे राहा, दहातले आठ स्कूटरवाले अठराच्या आतलेच दिसतील. पुण्याच्या बाह्यवळण महामार्गावर नवले पुलाच्या उतारावर माणसं मरतात, की लगेच स्पीडगन आणि वेग कमी करायला लावणाऱ्या रम्बलरच्या पट्ट्या. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये, खालच्या गिअरमध्ये आणावी, हे ड्रायव्हरच्या डोक्यात कोण घालणार? 2022 मध्ये देशात 1 लाख 68 हजारांवर माणसं रस्त्यावर मेली. पुलांना पैसा आहे, मेट्रोला आहे, उद्घाटनांना आहे. माणसाला शिकवायला नाही. आपल्याकडे कागद पुरा असला की काम झालं, मग त्याखाली कुणी चिरडलं तरी फाइल बंद.

चाचणीत सरांकडचे पेडल सोडवून ठेवा आणि शेजारी सर नको, अधिकारी बसवा. चढावर गाडी थांबवून उचलायला लावा, अचानक ब्रेक मारायला लावा, दहा मिनिटं खऱ्या रहदारीत फिरवा. क्लासची रजिस्टरं बघून काही कळणार नाही. शिकणाऱ्या मुलांना फोन करून विचारा, काल किती वेळ चालवलीस. नव्या चालकाच्या गाडीवर वर्षभर पाटी सक्तीची करा, म्हणजे मागचा तरी जपून राहील. आणि ज्या दिवशी या मुलाला पास केलं, त्या दिवशी त्या कार्यालयात पास झालेल्या प्रत्येकाची पुन्हा चाचणी घ्या. ती सगळी आज रस्त्यावर आहेत.

कार्यालयाचं नाव आणि तारीख मी तुम्हाला वेगळ्या पत्रानं कळवते आहे. "आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे" असं उत्तर पाठवू नका. चौकशी कोण करणार आणि किती दिवसांत, तेवढं लेखी कळवा.

आपली,
कर्वेनगरची एक रहिवासी, पुणे