रंग न लावता पाठवलेला व्हॉल्व्ह

काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही एवढं फोनवरच्या बोलण्यावरून कळलंय. पण पत्र सगळ्यांसमोरच लिहायचं होतं, कारण तुमच्या आधी ज्याने आम्हाला व्हॉल्व्ह बनवून दिला त्या माणसाला शिव्या मी सगळ्यांसमोर घातल्या होत्या, मग आभार कोपऱ्यात जाऊन का मानायचे?

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे स्टीमच्या लाईनवर एक कंट्रोल व्हॉल्व्ह आहे, 4 इंची, क्लास 300 (ही दाब सोसायची श्रेणी), साधी कार्बन स्टीलची बॉडी. तो बंद असताना पण शिट्टी मारायचा. कंट्रोल रूममधून शून्य टक्के दिलं तरी खाली टेंपरेचर चढतच राहायचं, पॅनलवाला पोरगा रात्री तीनला फोन करून म्हणायचा सर व्हॉल्व्ह बंद आहे पण बंद नाहीये. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत पण त्याचं उत्तर देतो असं घरचे सांगतात. नवीन मागवायचा तर कंपनी कित्येक आठवड्यांची तारीख देत होती आणि आमचा शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायचे दिवस, त्याच्या कितीतरी आधी. म्हणून रिमॅन्युफॅक्चर्ड, म्हणजे जुन्या बॉडीत झिजलेले भाग नवे घातलेला, घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मीच हट्ट धरला, परचेसवाल्यांना भीती होती की जुना माल गळ्यात पडेल, आणि पहिल्या वेळी झालं पण तेच.

त्या पहिल्या माणसाबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिलं की बीपी वाढतं. एवढंच सांगतो की व्हॉल्व्ह आला तो निळाशार, चकचकीत, आरशासारखा. स्टोअरमधली पोरं म्हणाली नवाच दिसतोय की. रंग इतका मनापासून मारला होता की नेमप्लेटवर पण रंग, सिरीयल नंबर वाचायला थिनर लावून घासायला लागलं. सर्टिफिकेटवर लिहिलेलं "लीक टेस्ट ओके". कुठला क्लास, किती प्रेशर, हवा लावली का पाणी, काही नाही, नुसतं ओके. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. आली पण होती, पण शटडाऊन संपत आलेला, वरून दट्ट्या, बसवून टाकला. काही आठवड्यांत परत शिट्टी. उघडून बघतो तर सीट रिंग, म्हणजे प्लग ज्या कडीवर बसून वाफ अडवतो ती, जुनीच, तिच्यावर स्टीमने कापलेल्या बारीक आडव्या रेघा, नख फिरवलं तरी अडकत होतं. स्टेमवरचे, म्हणजे प्लगच्या दांडीवरचे, ओरखडे एमरीने घासून झाकलेले. ऑर्डरमध्ये स्टेलाईटचा, म्हणजे झिजेला टिकणाऱ्या कडक मिश्रधातूचा, थर दिलेला प्लग आणि सीट मागितली होती, आत निघालं साधं 316 स्टेनलेस स्टील. नवीन काय होतं तर पॅकिंग, गास्केट आणि तो रंग. फोन केला तर म्हणे साहेब तुमच्या स्टीममध्येच पाणी असेल. असेल हो, पण मग तू रिमॅन्युफॅक्चर्ड म्हणून विकलंस काय, धुतलेला व्हॉल्व्ह?

याच मूडमध्ये मी तुम्हाला पहिला फोन केला होता काका. तुमचा नंबर एका जुन्या फिटरने दिला, म्हणाला हा माणूस कमी बोलतो पण विचारतो बरोबर. मी आधी पाच मिनिटं नुसता त्या निळ्या रंगाच्या नावाने बोंबललो. तुम्ही मधे "हं" एवढंच म्हणत होतात, मला वाटलं ऐकत पण नसतील. मग विचारलंत, "व्हॉल्व्ह चालू असताना किती टक्क्यांवर असतो?"

खरं सांगू, हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारलाच नव्हता. सगळे साइज विचारायचे, क्लास विचारायचे, फ्लँज विचारायचे आणि कोटेशन टाकायचे. मी बघून सांगतो म्हणालो, ट्रेंड काढला, तर बाबा वर्षभर आठ-नऊ टक्क्यांवर रखडतोय. तेव्हा तुम्ही समजावलंत की प्लग सीटला चिकटून चिकटून चालतोय, फट बारीक, स्टीमचा वेग भयंकर, त्यात ओलावा असला की थेंब सीटला कापत जातात, आणि 10 टक्क्यांच्या खाली असं कायम चालवलं तर कितीही भारी सीट टाका, कापली जाणारच. म्हणजे आमचा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून कामापेक्षा मोठा होता. नवा कोरा मागवला असता तरी तोच साइज, तोच ट्रिम (आतली प्लग-सीटची जोडी) आणि काही दिवसांनी तीच शिट्टी, फक्त जास्त पैसे मोजून.

तुम्ही म्हणालात बॉडी याच साइजची राहू दे, पाईप कापायची गरज नाही, आत छोटा सीट बोअर आणि त्याला जुळणारा प्लग टाकू. रिड्यूस्ड ट्रिम. मी पुस्तकात वाचलं होतं पण आपल्या लाईनवर ते लागू होईल हे डोक्यात आलंच नव्हतं, इतकी वर्षं नोकरी करून! जाऊ दे.

मग मधे एकदा तुमचाच फोन आला की निवडलेली बॉडी रिजेक्ट केली, गेजने जाडी मोजली तर सीटच्या खालच्या वळणावर भिंत कमी भरतेय, दुसरी बॉडी घेतोय, चार दिवस उशीर होईल, राग मानू नका. राग? मला तर वाटलं की हा माणूस मला सांगतोय कशाला, वेल्डिंगने भरून रंग मारला असता तर मला मेलो तरी कळलं नसतं. परचेसवाले चार दिवसांवरून माझ्यावर ओरडले, मी पहिल्यांदाच हसत ऐकून घेतलं.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

पेटी आली. फळ्या काढल्या, वरचं प्लॅस्टिक काढलं आणि आत व्हॉल्व्ह उघडाबोडका. रंगच नाही. करड्या धातूवर गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ हात तेवढा फिरवलेला, बाकी सगळं जसं आहे तसं. बॉडीवरची ओतीव अक्षरं स्वच्छ वाचता येत होती, मटेरियल, क्लास, हीट नंबर (धातूच्या कुठल्या ओतातली ते). जुना एक खड्डा होता फ्लँजच्या कडेला, तो पण तसाच, त्याच्याभोवती खडूने गोल केलेला आणि बाजूला त्याची खोली मिलीमीटरमध्ये लिहिलेली. बॉनेटचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, बोल्ट नवे, डोक्यावरची ग्रेडची खूण दिसत होती. मूळ नेमप्लेट घासूनपुसून जागेवर, आणि तिच्या शेजारी तुमची दुसरी छोटी प्लेट, त्यावर बदललेल्या ट्रिमचा साइज आणि नवा सीव्ही (व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जाऊ शकतो तो आकडा) ठोकलेला, म्हणजे उद्या मी नोकरी सोडली तरी पुढच्या माणसाला कळावं आत काय आहे.

आणि पेटीच्या कोपऱ्यात भुशात खोचून ठेवलेला रंगाचा एक छोटा डबा आणि एक ब्रश. डब्याला चिठ्ठी, बॉलपेनने, वाकड्या अक्षरात: "आधी नीट बघून घ्या. पटला तर तुम्हीच रंग लावा."

काका, मी त्या पेटीसमोर तसाच बसून राहिलो. स्टोअरचा पोरगा विचारत होता सर रंग द्यायचा राहिला का यांचा, परत पाठवायचा का. मला बोलताच येईना. म्हणजे मी त्या दिवशी फोनवर जे बोंबललो होतो ते तुम्ही नुसतं ऐकलं नव्हतं, लक्षात ठेवलं होतं. तुम्हाला मला विश्वास ठेवा असं एकदाही म्हणावंसं वाटलं नाही, तुम्ही सरळ झाकणच काढून ठेवलंत.

टेस्ट रिपोर्ट पण होता सोबत, त्याबद्दल एवढंच की तो वाचता येत होता. बॉडीला 77 बारला पाण्याची टेस्ट, सीटचा लीकेज क्लास फोर, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या 0.01 टक्क्याच्या आत, किती हवा लावली आणि किती गळती मोजली ते आकड्यात. स्ट्रोकचे, म्हणजे प्लगच्या चालीचे, आकडे 4 पासून 20 मिलीअँपच्या सिग्नलपर्यंत, वर जाताना आणि खाली येताना दोन्ही, आणि एका ठिकाणी थोडा फरक होता तो पण लिहिलेला, लपवलेला नाही. ज्या रिपोर्टमध्ये सगळंच शंभर टक्के परफेक्ट असतं त्याची मला आता भीतीच वाटते.

बसवला. स्टीम सोडली. पॅनलवाल्याने शून्य दिलं आणि मी व्हॉल्व्हजवळ कान लावून उभा राहिलो, तो आवाज इतका अंगवळणी पडलेला की नसल्यावर चुकल्यासारखं झालं. आता तो साधारण साठ टक्क्यांवर चालतो, निवांत. रात्री तीनचा फोन बंद झालाय. एकदा मीच सवयीने तीनला उठून कंट्रोल रूमला फोन केला, पोरगा घाबरला की काय झालं सर.

लोकांना वाटतं जुनं म्हणजे कमी प्रतीचं आणि नवं म्हणजे चांगलं, मलाही वाटायचं. व्हॉल्व्हची बॉडी म्हणजे जाड ओतीव पोलाद, भिंत शाबूत असेल तर तिला वय असं फारसं नसतं, झिजतं ते आतलं, ते नवं घालता येतं. अडचण धातूची नसतेच, अडचण ही असते की तो आत काय आहे हे सांगणारा माणूस कसा आहे. आणि अशी माणसं असतात की, फक्त ती जाहिरात करत नाहीत त्यामुळे आपल्याला ती नसल्यासारखी वाटतात. एखादा डॉक्टर म्हणतो ऑपरेशन नको, थांबून बघू. एखादा मेकॅनिक काढलेला पार्ट हातात देतो, म्हणतो बघा हा गेला होता. यांच्याकडून आलो की दिवसभर जरा बरं वाटत राहतं, का ते कळत नाही. आमच्याकडे एक सुपरवायझर होते, कुठलाही जॉब बंद करायच्या आधी शिकाऊ पोराला म्हणायचे ये, तू पण बघ, मग झाकण लावू. त्यांची आठवण आली त्या डब्याकडे बघून. ते आता नाहीत.

आणि त्या निळ्या रंगवाल्याला पण एक गोष्ट सांगायचीय, वाचत असेल तर. तुझा व्हॉल्व्ह आम्ही भंगारात नाही दिला. ट्रेनिंग रूममध्ये टेबलावर ठेवलाय, सीट रिंग बाहेर काढून. नवीन पोरं आली की आधी चकचकीत बॉडी दाखवतो, मग ती रिंग हातात देतो आणि नख फिरवायला सांगतो.

बाकी काका, रंग मी स्वतः लावला. फिटर हसत होते की साहेब ब्रश घेऊन काय बसलेत, एका जागी ओघळ पण आलाय, तुमच्या खडूच्या गोलाच्या जरा खाली. तो गोल सोडून रंगवलाय, पुसला नाही, तेवढ्यावर पारदर्शक लेप मारला गंज येऊ नये म्हणून. पुढच्या शटडाऊनला दुसऱ्या लाईनचा व्हॉल्व्ह तुमच्याकडे पाठवतोय, तो किती टक्क्यांवर चालतो ते यावेळी आधीच काढून ठेवलंय, चिठ्ठी बांधलीय त्याला. फक्त त्याच्यासोबत रंगाचा डबा पाठवू नका, इथे अर्धा उरलाय.