ईसीजीवरची छापील ओळ शेवटी वाचावी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ईसीजीची पट्टी यंत्रातून बाहेर पडते तेव्हा तिच्या माथ्यावर निदान आधीच छापलेले असते. कधी ‘सायनस ऱ्हिदम, नॉर्मल ईसीजी’ (लय आणि पट्टी दोन्ही ठीक), कधी ‘अँटेरियर इन्फार्क्ट’ (हृदयाच्या पुढच्या भिंतीचा अटॅक). जवळच ‘अनकन्फर्म्ड’ असा बारीक शब्द असतो, म्हणजे डॉक्टरने अजून तपासलेला नाही. तो पेशंट वाचत नाही, आणि रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतला दमलेला डॉक्टरही बहुधा वाचत नाही. या छापील ओळीवर किती विसंबावे? माझ्या मते आकड्यांवर बऱ्यापैकी, निदानावर जपून आणि छातीत दुखत असलेल्या पेशंटच्या ‘नॉर्मल’वर अजिबात नाही.

आकडे म्हणजे ठोक्यांचा वेग, पीआर (विजेची लहर हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत पोचायला लागणारा वेळ), क्यूआरएस (ती खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ). रेषा स्वच्छ आली असेल तर यंत्र हे चांगले मोजते. क्यूटीसी मात्र तपासून घ्यावा; खालच्या कप्प्यांत लहर पसरून विरेपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी, आणि तो नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केला की क्यूटीसी. बॅझेटचे सूत्र अजून सर्रास वापरले जाते आणि नाडी शंभरावर गेली की ते आकडा फुगवते. तापाने फणफणलेल्या पेशंटची नाडी १२० आणि क्यूटी ३४० मिलिसेकंद असेल, तर बॅझेटने क्यूटीसी ४८१ येतो, फ्रिडेरिशियाच्या सूत्राने ४२८. पहिल्या आकड्याला घाबरून, औषधानेच क्यूटी लांबला असे समजून, चांगले चालणारे औषध बंद होते.

निदान चुकते तेव्हा दोष पुष्कळदा प्रोग्रॅमचा नसतो, छातीवर बल्ब (तारांची चिकटणारी टोके) लावणाऱ्याचा असतो. छातीवरच्या सहा बल्बांपैकी (व्ही१ ते व्ही६) पहिले दोन, व्ही१ आणि व्ही२, बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना लागायला हवेत. घाईत ते दुसऱ्या फटीत लागतात, आर लहर (ठोक्याचा वर जाणारा टोकदार भाग) खुजी होते आणि यंत्र ‘सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइंड’ छापते. धडधाकट माणसाच्या फाइलला ‘जुना अटॅक’ चिकटतो, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे फिटनेसही अडते. फट मोजणे अवघड नाही. गळ्याखालच्या खळगीतून बोट खाली नेले की साधारण पाच सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो. दुसरी बरगडी तिथे जुळते. तिच्या खालची फट दुसरी, तिथून आणखी दोन मोजायच्या. व्ही१ बरोबर व्ही२ मधलीही पी लहर (वरच्या कप्प्यांची छोटी लहर) पूर्ण उलटी दिसली तर बल्ब वर लागले आहेत असे धरून पट्टी पुन्हा काढावी.

कंपवाताचा हात सेकंदाला पाचेक वेळा थरथरतो, म्हणजे मिनिटाला ३००. एट्रियल फ्लटर या लयीच्या विकारात वरचे कप्पे अतिवेगाने चालतात आणि त्या लहरींचा वेगही तोच, त्यामुळे यंत्र फसते आणि रक्त पातळ करणारी गोळी विनाकारण सुरू होऊ शकते. उजवा हात थरथरत असेल तर लीड तीन पाहावी (लीड म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक बाजूने पाहणारी नोंद). ती डावा हात आणि डावा पाय यांच्यातली असल्याने स्वच्छ येते, आणि तिथे पी लहरी सरळ मोजता येतात.

सगळ्यात महागात पडते ती हृदयाच्या मागच्या भिंतीच्या अटॅकमधली चूक. नेहमीच्या बारा लीडपैकी एकही पाठीकडून पाहत नाही. व्ही१ ते व्ही४ मध्ये एसटी (क्यूआरएस आणि त्यानंतरची टी लहर यांच्यामधला रेषेचा भाग) दबलेला दिसतो आणि यंत्र ‘इस्केमिया’ (रक्तपुरवठा कमी) लिहून मोकळे होते. अशा वेळी व्ही४, व्ही५, व्ही६ च्या तारा काढून व्ही६ च्याच पातळीवर डावीकडून पाठीमागे न्याव्यात: काखेच्या मागच्या रेषेत, खवाट्याच्या टोकाखाली आणि मणक्याच्या डाव्या कडेला. तिथे एसटी अर्धा मिलिमीटर वर असला तरी पुरे. पट्टीवरची नावे खोडून हाताने व्ही७, व्ही८, व्ही९ लिहायची. तारा हलवल्याचे यंत्राला कळत नाही, म्हणून त्या पट्टीवरचे छापील निदान सरळ बाद समजावे.

अटॅकच्या अगदी सुरुवातीला नुसती टी लहर फुगलेली असू शकते, आणि यंत्र ‘नॉर्मल’ म्हणते. ते दहाच सेकंद पाहते. घाम, कळ, मागच्या वर्षीचा ईसीजी यांतले त्याच्यापुढे बहुधा काहीच नसते. दुखणे थांबत नसेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी पट्टी पुन्हा काढावी.

उलटी चूकही होते. व्ही२-व्ही३ मध्ये एसटी किती वर चालतो हे वय-लिंगावर ठरते: चाळिशीच्या आतल्या पुरुषात अडीच मिलिमीटर, पुढच्या पुरुषांत दोन, बाईत दीड ही अटॅकची सीमा, उरलेल्या लीडमध्ये एक. वय-लिंग न भरताच बटण दाबले तर यंत्र कोणती सीमा लावणार? डाव्या बंडल ब्रँचचा ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला लहर नेणारी वाट अडणे) आणि जाड झालेले हृदय यांतही ‘अक्यूट एमआय’ (ताजा अटॅक) छापून येते. कॅथलॅब जवळ असेल तर अँजिओग्राफीत चूक उघडी पडते. तालुक्याच्या गावी मात्र गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज दिले जाते. एकदा टोचले की ते काढून घेता येत नाही, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

एआयवर चालणारे नवे प्रोग्रॅम लय ओळखण्यात जुन्यांपेक्षा सरस ठरतील, पण बल्ब दुसऱ्या फटीत लागला असेल तर त्यांच्याही हाती तीच पट्टी येणार.

बऱ्याच यंत्रांत निदान छापणे सेटिंगमधून बंद करता येते. रुग्णालयांनी कॅज्युअल्टीतल्या यंत्रावर ते बंद ठेवावे. ते जमत नसेल तर कागदाचा वरचा भाग दुमडून पट्टी डॉक्टरकडे द्यावी, आणि डॉक्टरने आपले वाचन, वेळ आणि सही त्यावर लिहिल्यानंतरच घडी उघडून यंत्राचे म्हणणे पाहावे. दोन्हींत फरक निघाला तर पट्टी मोबाइलवरून लगेच वरिष्ठांना पाठवावी.

– एक फिजिशियन, सातारा