तक्रार एकाची, पुस्तक सगळ्यांचे

‘अमेरिकी शाळांतील पुस्तकबंदी’वरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. मुलांनी काय वाचावे हे पालकांनीच ठरवावे, हा त्यातील निष्कर्ष अर्धाच पटतो. आपल्या मुलापुरते जरूर ठरवावे. शेजारच्याच्या मुलाचे काय?

२०२१ मध्ये टेक्सासमधील केटी येथे जेरी क्राफ्ट यांचे ‘न्यू किड’ काही पालकांच्या तक्रारीवरून शाळांच्या ग्रंथालयांतून काढले गेले. बालसाहित्यासाठीचे अमेरिकेतील न्यूबेरी पदक मिळवणारी ही पहिली ग्राफिक, म्हणजे चित्रांतून सांगितलेली, कादंबरी. बड्या खासगी शाळेत दाखल झालेल्या कृष्णवर्णीय मुलाची गोष्ट. त्यातल्या एक बाई वर्गातल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सारख्या दुसऱ्याच नावाने हाक मारतात. असले प्रसंग म्हणजे ‘क्रिटिकल रेस थिअरी’, वर्णभेद समाजव्यवस्थेतच मुरलेला आहे असे मांडणारा वादग्रस्त सिद्धांत, मुलांच्या माथी मारणे, असा आक्षेप! पडताळणीत काहीच निघाले नाही आणि पुस्तक कपाटात परतले. मधल्या काळात ते कुणालाच मिळाले नाही, तक्रार न करणाऱ्यांच्या मुलांनाही नाही.

२०२३ मध्ये फ्लोरिडातील मायामी-डेड येथील एका शाळेत तर एकाच पालकाच्या तक्रारीवरून कवयित्री अमांडा गोरमन यांची, बायडेन यांच्या शपथविधीत वाचलेली कविता ग्रंथालयातील लहान मुलांच्या विभागातून मोठ्या मुलांच्या विभागात गेली. ही बंदी नव्हे, असा खुलासाही झाला. तांत्रिकदृष्ट्या खराच म्हणायचा!

हरकत असलेल्या पालकाने स्वतःच्या मुलापुरती ग्रंथपालांना चिठ्ठी द्यावी. पुस्तक मात्र, पडताळणी चालू असतानाही, कपाटातच राहावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा